पास्कूभाऊजींची चराई

पास्कूभाऊजी भरल्या ताटावरून उठतात.

आमच्या साताऱ्याकडे भरल्या ताटावरून उठणं म्हणजे एक तर भांडण, नाहीतर वाईट बातमी. भाऊजी पहिल्यांदा आमच्या दुबईच्या घरी जेवायला आले तेव्हा मी वाढलेल्या मसालेभाताच्या मधोमध त्यांनी बोटाने सरळ रेघ ओढली. रेघेच्या अलीकडचा भात खाल्ला, पलीकडच्याला हातही लावला नाही, आणि "यल्ला, उठवा!" असं स्वतःलाच सांगून उठले. यल्ला म्हणजे अरबीत 'चला'. मला वाटलं मीठ जास्त पडलं. चाखून बघितलं, तर मीठ बरोबर होतं. मग मला राग आला.

"भाऊजी, भात आवडला नाही का?"

"फर्स्ट क्लास, वहिनी! म्हणून तर ठेवला."

"ठेवला म्हणजे?"

"अर्धं खावं, अर्धं ठेवावं. ठेवलं की परत येतं."

"भात परत येत नाही, भाऊजी. भात फ्रिजमध्ये जातो."

ते मनापासून हसले आणि हात धुवायला गेले. माझा नवरा दिलीप डोळ्यांनीच 'जाऊ दे' म्हणाला. दिलीपच्या या खुणेवर आमचा संसार इतकी वर्षं उभा आहे, पण त्या दिवशी मी काही ती जुमानली नाही. तेव्हापासून मी भाऊजींना दुप्पट वाढते. ते त्यातलं निम्मं खातात आणि पोटभर जेवतात. सातारकरणीला हरवणं इतकं सोपं नाही.

पास्कू म्हणजे पास्कोल तुस्कानो. मूळचे वसईचे, वय साठीच्या आसपास, अंगाने काटकुळे, रंग उन्हाने असा रापलेला की पासपोर्टावरचा फोटो दुसऱ्याचा वाटावा. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, छत्री रिक्षात राहून गेल्यासारखं. दुबईतल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये मीट सेक्शनला त्यांनी उमेदीची वर्षं काढली. ते हॉटेल बंद पडलं आणि काही काळाने ते रास अल खैमाला, डोंगराच्या पायथ्याशी एका अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, शेतावर गुरं सांभाळायला गेले.

"इतकी वर्षं मी गुरांचा फक्त शेवट बघितला, वहिनी," ते म्हणतात. "म्हटलं, आता जरा सुरुवात बघू."

ही गुरं दुधाची नव्हेत, मांसाची. मी आईला फोनवर "पास्कूभाऊजी गुरं राखतात" एवढंच सांगितलं, तर तिने तिकडूनच हात जोडले. पुढचं मी सांगितलं नाही. पुढचं आईलाही ठाऊक नाही आणि गुरांनाही, आणि दोघांचंही बरं चाललंय.

दिलीपची आणि त्यांची ओळख धंद्यातली. दिलीप दुबईतच रास अल खोरला चाऱ्याच्या गोदामात मॅनेजर आहे. उन्हाळ्यात इथे गुरं पंखे लावलेल्या शेडमध्ये उभी असतात आणि गोदामातला चारा खातात, तेव्हा भाऊजी त्याचं सोन्यासारखं गिऱ्हाईक. पण नोव्हेंबर उजाडला, हवा जरा थंडावली आणि डोंगरावर दोन पाऊस पडून गेले की गिऱ्हाईक गायब. दिलीप फोन करतो, "पास्कूभाई, ट्रक पाठवू का?" आणि हा माणूस ज्याच्याकडून चारा घ्यायचा त्यालाच सुनावतो, "पंचवीस दिरहमची एक पेंढी, म्हणजे जवळजवळ सहाशे रुपये! जमिनीतून फुकट येतंय रे बाबा, तुझं सुकलेलं कशाला घेऊ?" गिऱ्हाईक म्हणून नालायक, पण माणूस लाखात एक, असं दिलीपचं त्यांच्याबद्दलचं मत आहे.

एका डिसेंबरात त्यांनी आम्हाला शेतावर बोलावलं. मला वाटलं होतं, वाळवंटात कसलं आलंय कुरण. पण पावसानंतर त्या खडकाळ जमिनीवर खरंच गवत आलं होतं. आपल्याकडच्या शमीसारखी झाडं मधूनमधून, त्यांना इथे घाफ म्हणतात, आणि खाली पोपटी, मऊ, ठिकठिकाणी गुडघ्याला लागणारं गवत. भाऊजींनी त्या सगळ्या जमिनीचे तारांनी तुकडे केले होते. पातळ तार, सोलरवर चालणारा करंट. गुरं एका वेळी एकाच तुकड्यात. दोनतीन दिवस तिथे चरली की भाऊजी तार उचलतात, "यल्ला, उठवा!" म्हणून ओरडतात, आणि तांबूस रंगाची ती जाडजूड जनावरं शाळा सुटल्यासारखी पुढच्या तुकड्यात घुसतात. चरून झालेल्या तुकड्याला विश्रांती. सगळे तुकडे फिरून होईपर्यंत पहिला पुन्हा हिरवा.

"एकदम सगळं मोकळं सोडलं तर काय होईल?" मी विचारलं.

भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू चर्चमध्ये चपला घालून नाचले. "वहिनी, गुरांना अक्कल असते, पण संयम नसतो. गोडगोड गवत आधी खातात. ते फुटतं न फुटतं तोच परत खातात. मग मुळापर्यंत खातात. मुळापर्यंत गेलं की खलास. मग पाऊस येऊ दे की देव येऊ दे, ते गवत परत येत नाही."

गंमत म्हणजे ते गुरांकडे बघतच नव्हते. दर दहा पावलांवर वाकायचे, गवताला चार बोटं लावायची, काहीतरी पुटपुटायचं आणि पुढे जायचं. आमची मुलगी सानिका इथेच वाढलेली. तिने विचारलं, "अंकल, हाऊ मेनी काऊज?"

"काऊज मत गिनो, बेटा. ग्रास गिनो."

"बट यू काण्ट काउंट ग्रास!"

"दॅट इज व्हाय आय हॅव नो टाइम."

त्या दिवशी परत येताना सानिका गाडीत म्हणाली, "ही इज सो वीअर्ड. आय लाइक हिम." सानिकाला एकाच दमात दोन्ही वाटलेला हा पहिला माणूस.

हे सगळं शेतापुरतं असतं तर ठीक होतं. पण भाऊजींनी सगळ्या जगाचंच कुरण करून टाकलंय. आमच्याकडे आले की दर वेळी वेगळ्या खुर्चीवर बसतात, "सोफ्याच्या त्या कोपऱ्याला जरा विश्रांती." चर्चमध्ये बाक बदलतात. त्यांच्याकडे चपलांचे तीन जोड आहेत आणि तिघांना पाळ्या आहेत. एकदा आमच्या बिल्डिंगखालच्या हिरवळीला त्यांनी बोटं लावली आणि माळ्याला म्हणाले, "अभी मत काटो, दो उंगली और आने दो." डोक्यावरची हॅट बघून आणि आवाज ऐकून माळ्याने त्यांना मॅनेजमेंटचा माणूस समजून आठवडाभर मशीन चालवलं नाही. मग खऱ्या मॅनेजमेंटचा मेल आला आणि माळी तो मेल घेऊन आमच्याच दाराशी.

माणसांच्या बाबतीतही तेच. महिन्यातून एकदा यायचं, पोटभर गप्पा मारायच्या आणि मैफल अगदी रंगात आली की उठायचं. कितीही आग्रह करा. लागोपाठ दोन आठवडे ते कधीच कुणाकडे गेले नाहीत. आज आमच्याकडे, मग कराम्याच्या मॅथ्यूकडे, मग शारजाच्या राण्यांकडे. मला वाटायचं, माणूस बिझी आहे.

कुरणाच्या तुकड्यांना त्यांनी आम्हा मित्रांचीच नावं दिली आहेत. एक तुकडा राणे, एक मॅथ्यू, एक दिलीप. मी लटक्या रागाने विचारलं, "माझ्या नावाचा नाही?" तर गंभीरपणे म्हणाले, "ठेवणार होतो, वहिनी. पण रहीम उद्या फोनवर ओरडणार, 'सगळे बैल वैशालीमध्ये सोडले.' बरं दिसत नाही." रहीम म्हणजे त्यांचा शेतावरचा जोडीदार, पेशावरकडचा, आडदांड आणि लाजाळू. मी तो प्रस्ताव ताबडतोब मागे घेतला.

आणि मग या जानेवारीत, ऐन गवताच्या दिवसांत, भाऊजी पडले. बैलाने ढुशी दिली असती तर सांगायला तरी बरं होतं. पण हा माणूस नेहमीप्रमाणे वाकून गवताला बोटं लावत होता, आणि मागे स्वतःच बांधलेली करंटची तार आहे हे विसरला. बसायच्या जागी झटका बसला, भाऊजी पुढे उडाले ते थेट पाण्याच्या पाइपसाठी खणलेल्या चरात. रहीमने उचलून वर काढलं तेव्हा पाय मोडला होता आणि मुठीत गवत होतं. "पाच बोटं झालं होतं," त्यांनी हॉस्पिटलात आम्हाला पहिलं वाक्य हे सांगितलं.

घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर. शेतावरच्या खोलीत राहायचं नाही, डॉक्टरने बजावलं. कुणाच्यातरी घरी राहा आणि प्लास्टर निघेपर्यंत पाय खाली टाकू नका. आम्ही सगळेच म्हणालो, आमच्याकडे चला. भाऊजींनी आम्हाला रांगेत उभं केल्यासारखं बघितलं आणि पलंगावर पडल्यापडल्या पाळ्या लावल्या. मॅथ्यूकडे तीन दिवस, राण्यांकडे तीन दिवस, दिलीपकडे तीन दिवस, मग पुन्हा मॅथ्यू.

"अहो, मोडलेला पाय घेऊन दर तीन दिवसांनी सामान हलवणार?" मी म्हणाले.

"सामान कुठे आहे, वहिनी? एक बॅग. बैलांकडे तर तीही नसते."

असे फिरतफिरत ते दुबईच्या डीआयपी भागातल्या आमच्या फ्लॅटवर आले. ते तीन दिवस आमच्या घरी जी धमाल झाली ती मी विसरणार नाही. रोज सकाळी मोबाइल उशीला टेकवून व्हिडिओ कॉल सुरू. पलीकडे रहीम कौतुकाने एखाद्या बैलाचं तोंड दाखवायचा आणि भाऊजी खेकसायचे, "अरे बैल को छोड, घास दिखा! नीचे! और नीचे! ये तेरा जूता है, रहीम, घास दिखा!"

मीही नकळत त्यात ओढली गेले. ऑफिसला जायच्या घाईत पोळ्या लाटतालाटता हॉलमधून कानावर यायचं, "दिलीप कैसा है?" आणि रहीमचा खणखणीत आवाज, "दिलीप एकदम साफ हो गया, अंकल! कुछ नहीं बचा! गोबर बहुत अच्छा गिरा है!" दाढी करता करता दिलीपने आरशात स्वतःकडे बघितलेलं मी बघितलं.

संध्याकाळी सानिका त्यांच्याजवळ बसायची. तिच्या फोनवर त्यांनी गवताचे फोटो मोठे करून बघायला शिकून घेतलं, आणि एरवी आमच्याशी एका शब्दात बोलणारी ही मुलगी जेवताना मला सांगायला लागली, "ममा, यू नो, बाइट घेतल्यावर ग्रासला रूट्स परत बिल्ड करायला टाइम लागतो." चक्क मराठी क्रियापदासकट. त्या एका क्रियापदासाठी मी भाऊजींना वर्षभर ठेवून घेतलं असतं.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी उठून बाहेर आले तर भाऊजी दाराजवळच्या स्टुलावर बसलेले. आंघोळ झालेली, हॅट डोक्यावर, बॅग मांडीवर, कुबडी हातात.

"कुठे?" मी विचारलं.

"मॅथ्यूकडे. पाळी संपली, वहिनी. यल्ला, उठवा!"

"मॅथ्यूचे सासूसासरे आलेत काल. हॉलमध्ये गाद्या घातल्यात त्याने."

"मग राणे."

"राणे लग्नाला गावी गेलेत. तुम्हीच तर त्यांना परवा फोनवर आशीर्वाद दिलात."

त्यांनी जरा विचार केला. "मग शेतावर जातो. रहीम बघेल मला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर गवतातले नाहीत."

आता मात्र माझा पारा चढला. मी दारात आडवी उभी राहिले. "भाऊजी, तीन दिवस काय लावलंय हो? मी काय गवत आहे? तुम्ही राहिलात म्हणून मी संपणार आहे का? पोरगी तुमच्याशी मराठीत बोलायला लागलीय, नवरा वेळेवर घरी येतोय, आणि तुम्ही बॅग घेऊन दारात! लोक काय म्हणतील, वैशालीने प्लास्टरातला माणूस बाहेर काढला?"

मला वाटलं, नेहमीसारखे हसतील. पण त्यांनी हॅट काढली आणि बॅगेवर ठेवली.

"रागावू नका, वहिनी. तुमचा काहीच दोष नाही. मी एकदा एक घर मुळापर्यंत चरलोय."

मग त्यांनी सांगितलं. हॉटेल बंद पडल्यावर भाऊजी अबुधाबीला, खलिफा सिटीत, मोठ्या भावाकडे गेले होते. नवीन नोकरी लागेपर्यंत, महिनाभर, असं ठरलं होतं. भाऊ जोसेफ, त्याची बायको फिलू आणि दोन शाळकरी मुलं. महिन्याचे दोन झाले, मग सहा, मग वर्ष उलटलं. भाऊजी हॉलमध्ये झोपायचे, मुलांना शाळेत सोडायचे, बाजार आणायचे. कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही.

"मला वाटलं, जमतंय. एकदा दुपारी मी बाजारातून आलो. फिलूवहिनी आत फोनवर बहिणीशी बोलत होती. म्हणाली, 'माझं घर आता माझं राहिलंच नाही गं. हॉलमध्ये बसायची चोरी झालीय.' बस. शिव्या नाहीत, काही नाही. वहिनी वाईट नाही हां. फार चांगली आहे. चांगली होती म्हणूनच मी खात राहिलो. गोडगोड गवत." त्यांनी हॅटची कड सरळ केली. "दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, शेतावर काम मिळालंय. तेव्हा मिळालं नव्हतं. मग मिळालं. नाताळला फोन करतो. ते 'ये' म्हणतात. मी म्हणतो, इन्शाल्ला."

इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस गवताचं शास्त्र माणसांना लावतो. ते उलटंच होतं. त्यांना ते आधी माणसांत कळलं होतं. मला फार वाईट वाटलं. "चहा ठेवते," एवढंच म्हणून मी आत गेले.

तेवढ्यात रहीमचा कॉल आला. भाऊजींनी स्टुलावरूनच उचलला. मी कप घेऊन आले तेव्हा रहीम काकुळतीने सांगत होता, की यंदा दुसरा पाऊस नीट झालाच नाही, सगळे तुकडे चरून झालेत आणि पहिला तुकडा अजून दोन बोटंही आलेला नाही. "अंकल, बस एक जगह बाकी है. जोसेफ."

"जोसेफ नहीं," भाऊजी म्हणाले.

"अंकल, जोसेफ को तो आपने कभी खोला ही नहीं. जब से मैं आया हूं, बंद है."

"उसको रेस्ट है."

"कितना रेस्ट, अंकल?"

रहीमने तेवढ्यात फोन त्या तुकड्याकडे वळवला होता. मी भाऊजींच्या खांद्यावरून वाकून बघितलं. मला वाटलं होतं, इतकी वर्षं कुणी तोंड लावलं नाही म्हणजे रान माजलं असेल. तर तिथे उंच, राखाडी, वाळकं गवत उभं होतं. काड्याच काड्या. वाऱ्याने वाजत होतं.

"नीचे दिखा," भाऊजी म्हणाले. "हाथ से हटा. जड़ दिखा."

रहीमने झुपका फाकवला. मध्ये भोक पडल्यासारखी उघडी माती.

"हे असं का झालं?" मी विचारलं. "विश्रांती दिली होती ना?"

गवताबद्दल विचारलं की भाऊजी बाकी सगळं विसरतात. झटकन मास्तरासारखे बोलायला लागले. "फार विश्रांती झाली, वहिनी. कुणी खाल्लंच नाही तर जुनं गवत तसंच उभं राहतं. नव्या कोंबाला ऊनच मिळत नाही. मग मधूनमधून मरायला लागतं. गवताला गुरं लागतात. खुराने तुडवलं पाहिजे, शेण पडलं पाहिजे, तोंड लागलं पाहिजे. नाहीतर तेही…"

फोनमध्ये रहीम "हॅलो, हॅलो अंकल, आवाज नहीं आ रहा" म्हणत होता. मी कप तसाच धरून उभी होते. सांगायला माझ्या ओठांवर बरंच काही आलं होतं, पण मी गप्प राहिले, आणि जे मला ओळखतात त्यांना ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळेल.

"रहीम," भाऊजी शेवटी म्हणाले, "जोसेफ खोल दो. सब अंदर छोड दो. तुडवू दे त्यांना."

"सच में, अंकल?"

"यल्ला." त्यांनी फोन बंद केला, चहा संपवला आणि आत बघून हाक मारली, "दिलीप! तुझी गाडी अबुधाबीपर्यंत जाईल काय रे?"

आम्ही तिघं निघालो. सगळ्या रस्ताभर भाऊजी एकटेच बोलत होते. "जोसेफ घरी नसेल तर? नसला तर बरं. असला तरी बरं. आधी फोन करायला हवा होता का? नको, फोन केला तर ती साफसफाई काढेल." मध्येच गाडी थांबवायला लावून त्यांनी सुपरमार्केटमधून केळी मागवली. मी आणलेली केळी त्यांनी तीनदा वासाने तपासली आणि म्हणाले, "वसईची नाहीत. ओळखेल ती." मग ती मांडीवर धरून बसले.

खलिफा सिटीतला तो व्हिला जुना होता, दारासमोर बोगनवेल. मी बेल वाजवली. दार उघडलं ते साठीच्या बाईने, गाउनवर ओढणी, हाताला पीठ. तिने मला बघितलं, दिलीपला बघितलं आणि मग आमच्यामध्ये कुबडीवर उभ्या असलेल्या भाऊजींना वरपासून प्लास्टरपर्यंत बघितलं.

"काय रे पास्कू," ती म्हणाली, "इतक्यात आलास?"

भाऊजींनी केळी पुढे केली. रस्ताभर तयार केलेलं सगळं बहुतेक विसरून गेलं होतं, कारण ते एकदम मुद्द्यावरच आले. "फिलूवहिनी, मी तेव्हा फार दिवस राहिलो होतो. तू फोनवर बहिणीशी बोललीस ते मी ऐकलं. मग म्हटलं, तुझ्या घराला जरा विश्रांती देऊ."

फिलूवहिनींना आठवायला वेळ लागला. त्यांच्या चेहऱ्यावर ते आठवणं मला दिसलं. त्यांनी नाकारलं नाही, हे मला फार आवडलं.

"बोलले असेन," त्या म्हणाल्या. "पोरांच्या परीक्षा, जोसेफची नाइट ड्यूटी, आणि सासूबाई गावाला आजारी. बोलले असेन. त्या वर्षी मी सगळ्यांबद्दलच बोलत होते. जोसेफबद्दल तर याहून वाईट बोलायचे, तो गेला का कुठे?"

"नाही," भाऊजी म्हणाले.

"पोरं गेली कॅनडाला. जोसेफ सकाळी जातो तो रात्री येतो. दिवसभर या हॉलमध्ये मी एकटी बसते. कुणी येत नाही, कुणी जात नाही. विश्रांती म्हणे!" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम बारीक झाला. "मला विचारलं होतंस का रे, हवी का म्हणून?"

भाऊजी खाली मान घालून रडायला लागले, अगदी आवाज करून, लहान मुलासारखे. दिलीप बोगनवेलीकडे बघत होता. मला तेही जमलं नाही, मीही रडत होते.

फिलूवहिनींनी पिठाचा हात ओढणीला पुसला, भाऊजींच्या काखेतली कुबडी काढून माझ्या हातात दिली आणि त्या जागी स्वतःचा खांदा दिला. "पाय उचल," त्या म्हणाल्या. "उंबरा आहे."